टोनरचे कार्ट्रिज घरी भरणे : बचत नेमकी कशात?

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि बिलांच्या छपाईचा खर्च प्रत्येक पेढीच्या खात्यावर ठळक दिसू लागला. मालाच्या बिलाच्या तीन प्रती काढाव्या लागतात. एक गिऱ्हाइकाला, एक वाहतूकदाराला, एक आपल्या दप्तराला. दिवसाला पंचवीस बिले फाडणाऱ्या आमच्यासारख्या कापडवाल्याकडे रोज पाऊणशे कागद छापले जातात. एचपीचे १२ए हे कार्ट्रिज लेसरजेट १०२० व त्याच्या जातकुळीतल्या प्रिंटरला बसते. हे प्रिंटर जुने असले तरी अनेक दुकानांत आजही इमानाने चालतात. या कार्ट्रिजवर कंपनी सुमारे २००० पाने सांगते. म्हणजे आमचे कार्ट्रिज महिनाभरही पुरत नाही. म्हणून बिबवेवाडीतल्या घरी आम्ही ते स्वतः भरतो.

व्यापारी बांधवांनी आधी एक गोष्ट समजून घ्यावी. कंपनीचे २००० पानांचे माप पानाचे शंभरातले पाच भाग काळे होतील, असे धरून केलेले असते. बिलावर वर काळा पट्टा, मध्ये दुकानाचे ठसठशीत चिन्ह आणि खाली जाड रेघांचा तक्ता असेल, तर हे माप कधीच पुरे पडणार नाही. पट्टा काढा, रेघा बारीक करा. रिफिल करण्याआधीची ही बचत फुकटची आहे, पण ती कोणी करीत नाही!

टोनर म्हणजे शाई नव्हे. ती प्लॅस्टिकची अतिशय बारीक पूड असते, तिच्यात काजळी व लोहाचा अंश मिसळलेला असतो. ड्रमवर विजेच्या भाराने अक्षर उमटते, त्याला पूड चिकटते, ती कागदावर उतरते आणि तापलेल्या रोलरखाली वितळून कागदात बसते. म्हणूनच लेसरचे बिल वर्षानुवर्षे टिकते, आणि थर्मल कागदावरची पावती काही महिन्यांत कोरी होते. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागते, हे ध्यानात असू द्यावे.

आता भरण्याचे काम. १२ए मध्ये साधारण १०० ग्रॅम पूड मावते, तर ८८ए मध्ये साधारण ६० ग्रॅम. बाटलीवर आपल्या कार्ट्रिजचा नंबर आहे की नाही, ते पाहूनच घ्यावी. कडेचे स्क्रू काढून ड्रम अलगद बाहेर घ्यावा व लगेच काळ्या कापडात गुंडाळावा, कारण उजेडाने तो खराब होतो. त्याच्या चकचकीत अंगाला बोट लावू नये, थिनर तर मुळीच नको. मग खिळी काढून दोन भाग वेगळे होतात. एका भागात वापरून उरलेली पूड साठते. ती पूर्ण झटकून काढावी. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग पानावर उभे काळे ओघळ आले की पावडरवाल्याला दोष देतात. ही उरलेली पूड परत भरू नये, तिच्यात कागदाची धूळ असते. दुसऱ्या भागाच्या कडेचे झाकण काढले की प्लॅस्टिकचे बूच दिसते. तेथून नवी पूड सावकाश ओतावी, बूच घट्ट लावावे आणि काढलेल्या क्रमाच्या उलट जोडावे. जोडल्यावर पहिल्या बिलावर अंगठा घासून पाहावा. अक्षर अंगठ्याला आले, तर पूड त्या प्रिंटरची नाही.

साडेसात सेंटिमीटरच्या अंतराने तोच डाग पुन्हा पुन्हा आला, तर ड्रमला ओरखडा आहे असे समजावे. खरा हिशेब येथेच आहे. पूड स्वस्त, पण ड्रम व त्याला लागून असलेली रबराची पाती झिजतात. आमच्या तजुर्ब्यात तीन वेळा भरल्यावर ड्रम व पाती बदललेली बरी. तेव्हा तीन बाटल्या, एक ड्रम व एक पाती यांची एकूण किंमत घ्या आणि तेवढ्यात छापलेल्या पानांनी भागा. नुसत्या बाटलीचा भाव पाहून केलेला हिशेब खोटा आहे. फिके, पुसट बिल घेऊन गिऱ्हाइकाचा मुनीम परत आला, तर त्या फेरीचा खर्चही त्यातच धरावा.

कापडवाल्यांना खास सांगणे. हे काम थानांजवळ कदापि करू नये. पूड सांडलीच तर कोरडीच झटकावी. चोळू नये, गरम पाणी घालू नये आणि इस्त्री तर फिरवूच नये, नाहीतर प्रिंटर कागदावर जे करतो तेच तुमच्या मलमलीवर होईल. हातही थंड पाण्यानेच धुवावेत. नाकातोंडावर चांगला मास्क असावा आणि लहान मुले जवळ नसावीत. घरातला व्हॅक्यूम वापरू नये, त्याच्या गाळणीतून ही पूड निसटते व खोलीभर होते.

असे भरणे कायद्याने चालते का, असे काही बांधव विचारतात. आपण विकत घेतलेली वस्तू आपण भरून वापरायला हरकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ साली लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात, वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा कंपनीचा पेटंटचा हक्क संपतो, असाच निकाल दिला. मात्र भरलेले कार्ट्रिज कंपनीच्या खोक्यात घालून नवे म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे. हा हुन्नर शिकून जे तरुण दुकान मांडू पाहतात, त्यांनी 'भरलेले' असा शिक्का मारूनच माल द्यावा. नवा प्रिंटर घेताना चिपची चौकशीही करावी. आपली चिप नसलेले कार्ट्रिज नाकारण्याची सोय एचपीने काही प्रिंटरांत केली आहे.

उरली टाकाऊ पूड. पुण्यात दारावर कचरा न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. सुटी पूड त्यांच्या टोपलीत गेली, तर ती त्यांच्याच छातीत जाणार. ती दुहेरी पिशवीत घट्ट बांधून, बाहेर लिहून, रोजच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवावी. जाळू तर नयेच. निकामी झालेले कार्ट्रिज ई-कचऱ्यात द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत प्रिंटर कार्ट्रिजसह मोडतो. भंगारवाल्याला सुटे विकण्यात चार पैसे मिळतात खरे, पण तो ते फोडतो, आणि पूड त्याच्या गल्लीत उडते.