टोल्यांचे घड्याळ: भंगार नव्हे, रोजी

जुन्या नाशकात एखादा वाडा पाडायला काढला की भिंतीवरचे टोल्यांचे घड्याळ खाली उतरते. ते दुरुस्तीला आले की पुष्कळदा एकच इलाज होतो. आतले पितळी यंत्र काढायचे आणि सेलचे मशीन बसवायचे. घड्याळ चालू लागते, गिऱ्हाईक खूष होते आणि पितळ किलोच्या भावाने जाते. आमच्या मते हा सौदा तोट्याचा आहे. लाकडी पेटी सुतार केव्हाही करून देईल. खरी किंमत यंत्राची आहे, आणि ते चालू करणारे हात आता थोडे उरले आहेत.

वाजणारे घड्याळ आपल्याला परके नाही. खलिफा हारून अल रशीद यांच्या दरबारातून इ.स. ८०७ मध्ये बादशहा शार्लमेनकडे पाण्यावर चालणारे पितळी घड्याळ नजराणा म्हणून गेले होते. तास झाला की गोळ्या खालच्या झांजेवर पडत. अल जझरी यांनी १२०६ च्या ग्रंथात हत्तीच्या घड्याळाची रचना कारागिराला बनवता येईल इतकी बारकाईने लिहून ठेवली. आपल्याकडे मुंबईच्या राजाबाई टॉवरचे काम १८७८ मध्ये पुरे झाले. त्यात एके काळी निरनिराळ्या धून वाजत. घरच्या घड्याळात बहुधा वाजते ती लंडनच्या बिग बेनच्या मनोऱ्याची चाल.

चावीची भोके मोजली की प्रकार कळतो. साधारणपणे एक भोक म्हणजे फक्त वेळ, दोन म्हणजे टोलेही, तीन असतील तर पाव-पाव तासाची धूनही. बिग बेनच्या चालीत पाव तासाला ४, अर्ध्याला ८, पाऊणला १२ आणि तासाला १६ ठोके पडतात. म्हणजे तासात ४० आणि दिवसात ९६०. तासाचे टोले १५६, ते वेगळेच. एवढ्या मेहनतीने आसांची भोके झिजतात, आस डुगडुगतो आणि दाते नीट जुळत नाहीत. तेथे तेल सोडून भागत नाही. भोक साफ करून पितळेचा बुश ठोकावा लागतो. सातपूर-अंबडला लेथवर काम केलेल्या मुलाला हे शिकायला फार दिवस लागणार नाहीत.

यंत्र खोलण्यापूर्वी कमानीचा ताण चावी धरून हळूहळू उतरवावा. भरलेली कमान सुटली तर बोटे फोडते आणि चक्राचे दातेही मोडते.

पाचच्या काट्यावर तीनच टोले पडले की गिऱ्हाईक घाबरते. जुन्या खाचेच्या चक्राच्या घड्याळात टोल्यांची मोजणी काट्यांशी बांधलेली नसते. टोल्यांचा लिव्हर बोटाने उचलून पुढचे टोले वाजवून घ्यावेत आणि जुळले की थांबावे. काम पाच मिनिटांचे. याचे मोठे बिल करणाऱ्याकडे ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

नव्या संगीत घड्याळांचा धंदा वेगळा आहे. गुजरातेतील मोरबीच्या कारखान्यांनी सेलची घड्याळे घरोघर नेली. त्यांतील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि धून चिपमध्ये साठवलेली असते. काहींत प्रकाश ओळखणारा डोळा असतो, म्हणून ती रात्री गप्प बसतात. गिऱ्हाईक "बिघडले" म्हणून घेऊन येते, तेव्हा आधी हे पाहावे, मग सेलच्या पट्ट्यांवरचा क्षार. मशिदीच्या आकाराच्या अजानच्या घड्याळातही पहिला दोष तिथेच शोधावा. येथे माल विकून कमाई आहे, हुनराची मजुरी थोडी.

जुने घड्याळ परत देताना एक गोष्ट गिऱ्हाइकाला जरूर सांगावी. उन्हाळ्यात दांडी लांबते आणि घड्याळ मागे पडते. पितळी दांडीला २० अंशांच्या फरकाने दिवसाला सुमारे १६ सेकंद. लंबकाखालची चकती किंचित वर चढवली की वेळ जुळते, आणि थंडी सुरू झाली की ती पुन्हा खाली घ्यायची.