आधी नंबर विचारा

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर पुण्यातल्या एका क्लासमध्ये मी ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’चा सहा महिन्यांचा डिप्लोमा केला. माहितीपत्रकावर ‘सरकारमान्य’ असं ठळक छापलेलं होतं. पुढे एका हॉस्पिटलात मुलाखतीला गेले, तर तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ते सोनेरी काठाचं सर्टिफिकेट पुढून पाहिलं, उलटून मागून पाहिलं आणि विचारलं, “आरसीआय नंबर कुठाय?” नव्हताच. क्लासची सरकारमान्यता निघाली शॉप अ‍ॅक्टची!

आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद. तिच्या १९९२च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम केलं, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (दंड वाचून हसू येतं, कैद वाचून येत नाही.) २०१७चा मानसिक आरोग्य कायदाही परिषदेने मान्य केलेलीच पदवी ग्राह्य धरतो.

आजवरचा रुळलेला रस्ता म्हणजे एम.ए.ला ५५ टक्के, मग प्रवेश परीक्षा आणि दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. ते शिकवणाऱ्या संस्था म्हणजे बंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी, आपल्याकडे पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था. जागा मोजक्याच. पण ओपीडीत रुग्णाची हिस्ट्री घ्यायची, चाचणी करायची, केस लिहायची आणि वरिष्ठांनी लाल शाईने रंगवली की पुन्हा लिहायची, हे क्लासच्या स्लाइड्स बघून येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. गेलं, पण क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. त्यामुळे पुढचा प्रवेश घेताना परिषदेचे नवे अभ्यासक्रम पाहा, सीनियरच्या सल्ल्यावर विसंबू नका. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे ऑनलाइन आणि दूरस्थ प्रवेशही थांबवलेत, तरी जाहिराती दिसल्या तर नवल नाही.

सगळ्यांनी क्लिनिकलच व्हावं असंही नाही. शाळेत समुपदेशक किंवा कंपनीत एचआर व्हायचं, तर त्या वाटा वेगळ्या आहेत आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

फी भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत संस्थेचं नाव, अभ्यासक्रम आणि चालू सत्राची मान्यता स्वतः शोधा. मग संस्थेत जाऊन विचारा, रुग्ण कुठल्या हॉस्पिटलात बघायला मिळतील आणि केस कोण तपासणार? समोरचा उत्तराऐवजी प्लेसमेंटवर घसरला, तर चहा पिऊन निघा.