संगणकातील हार्ड डिस्कची वाटणी : मुक्त सॉफ्टवेअरच्या साह्याने

संगणक ही आता केवळ मोठ्या कचेऱ्यांतून आढळणारी वस्तू राहिलेली नाही. आपल्या द्वारका परिसरातील एखाद्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा झाला तर तो महाडीबीटी संकेतस्थळावरच भरावा लागतो. जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका या सर्वांच्या स्कॅन केलेल्या प्रती संगणकात जपून ठेवाव्या लागतात. संस्थांचेही तसेच. सभासदांची यादी, सभांचे इतिवृत्त, जमाखर्च, कार्यक्रमांची छायाचित्रे हे सर्व पूर्वी लोखंडी कपाटात असे; आज ते एका लहानशा डिस्कमध्ये असते.

अशा वेळी एके दिवशी विंडोज सुरू होत नाही. दुरुस्ती करणारा सांगतो, "फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट झाल्यावर संगणक पुन्हा चालू लागतो, परंतु डेस्कटॉपवरील आणि 'डॉक्युमेंट्स'मधील सर्व कागदपत्रे नाहीशी झालेली असतात. अर्जाची अंतिम तारीख उद्यावर आलेली असेल तर विद्यार्थ्याची काय अवस्था होत असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. यंत्रणा आणि कागदपत्रे एकाच भागात ठेवल्यामुळे हे नुकसान होते. ते टाळण्याचा मार्ग सोपा असून त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही. तो मार्ग विद्यार्थी व सभासद यांना समजावा, हा या लेखाचा हेतू आहे.

वाटणी म्हणजे काय?

हार्ड डिस्क ही एक सलग जमीन आहे असे समजा. या जमिनीचे बांध घालून दोन-तीन हिस्से करणे म्हणजे 'पार्टिशन' करणे, म्हणजेच वाटणी. कोणता हिस्सा कोठून सुरू होतो व कोठे संपतो, याची नोंद डिस्कच्या आरंभी एका तक्त्यात असते. हा तक्ता म्हणजे डिस्कचा सातबारा. सातबारा म्हणजे जमीन नव्हे, ती जमिनीची नोंद आहे. हा भेद लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

असा तक्ता दोन प्रकारचा असतो. जुन्या पद्धतीला एमबीआर म्हणतात. ती १९८३ पासून वापरात आहे. तीत फक्त चार मुख्य हिस्से करता येतात. अधिक हवे असल्यास एका हिश्श्याचे पोटहिस्से पाडावे लागतात, तसेच सुमारे २ टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क तिच्या आवाक्यात येत नाही. नव्या पद्धतीला जीपीटी म्हणतात. तीत साधारणपणे १२८ हिस्से नोंदवता येतात आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

बांध घातल्यावर प्रत्येक हिश्श्याची मशागत करावी लागते. तिला 'फॉरमॅट' म्हणतात. विंडोजसाठी एनटीएफएस आणि लिनक्ससाठी ईएक्सटी४ ही मशागतीची प्रचलित पद्धत आहे. एका हिश्श्याची पुन्हा मशागत केली तरी बांधापलीकडच्या पिकाला धक्का लागत नाही. वाटणीचा सर्वांत मोठा लाभ तो हाच. आपल्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाची लांबची वाहतूक उड्डाणपुलावरून जाते आणि गावातली व पुणे रस्त्याची वाहतूक खालून चालते. पुलावर दुरुस्ती निघाली तरी खालचा रस्ता राहतोच, तसेच हे आहे.

मुक्त सॉफ्टवेअरच का?

इंग्रजीतील 'फ्री' या शब्दाचे दोन अर्थ होतात, फुकट आणि मुक्त. येथे दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरणे, त्याची रचना अभ्यासून बदलणे, त्याच्या प्रती इतरांना देणे आणि सुधारलेल्या प्रतीही वाटणे, हे चार अधिकार प्रत्येक वापरणाऱ्यास असावेत, अशी या चळवळीची भूमिका आहे. १९९१ साली लायनस टोरवाल्ड्स यांच्या लिनक्सची तीत भर पडली. आपल्या देशात २००१ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली विकसित केली. ती २००७ पासून उपलब्ध आहे.

वाटणीसाठी 'जीपार्टेड' हे मुक्त सॉफ्टवेअर २००४ पासून उपलब्ध आहे. विकतच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेतली तर कायदा मोडतो आणि बहुधा व्हायरसही पदरात पडतो. जीपार्टेडची प्रत मात्र राजरोसपणे दहा जणांना देता येते. एकाने शिकावे व दहा जणांना शिकवावे, यास येथे कायद्याचीच अनुमती आहे.

आणखी एक कारण आहे. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. असे संगणक भंगारात देण्याऐवजी त्यांच्या डिस्कचा एक हिस्सा लिनक्ससाठी राखून ठेवला तर अभ्यासिकेत ते आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतील.

पूर्वतयारी

वाटणीस हात घालण्यापूर्वी पुढील गोष्टी केल्याच पाहिजेत.

१. सर्व कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी. त्यातील चार-दोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

२. विंडोजमध्ये 'बिटलॉकर'चे कुलूप लावलेले आहे काय, ते पाहावे. असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी आणि वाटणीपूर्वी कुलूप काढावे. नाही तर स्वतःच्याच घराबाहेर उभे राहण्याची वेळ येते.

३. 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करून संगणक पूर्णपणे बंद करावा. ती चालू असेल तर विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपते. आणि झोपलेल्याच्या अंगाखालची सतरंजी ओढू नये.

४. लॅपटॉप असल्यास चार्जर लावून ठेवावा. टेबलावरचा संगणक असल्यास यूपीएस असावा. काम चालू असताना वीज गेली तर हिस्सा अर्धवट राहून माहिती नष्ट होण्याचा धोका असतो.

५. जीपार्टेडची 'लाइव्ह' प्रत एका वेगळ्या पेनड्राइव्हवर तयार करावी. त्या पेनड्राइव्हवरील आधीचे सर्व पुसले जाते, म्हणून कागदपत्रांची प्रत ज्यावर घेतली तो पेनड्राइव्ह यासाठी वापरू नये.

प्रत्यक्ष कृती

पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करावा आणि बूट मेनूमधून तो निवडावा. त्यासाठीची कळ कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप अशी वेगवेगळी असते. जीपार्टेडचा पडदा उघडला की हिस्से आडव्या पट्टीच्या रूपात दिसतात. सर्वप्रथम उजवीकडे वरच्या कोपऱ्यात कोणती डिस्क निवडलेली आहे ते पाहावे. 'एसडीए', 'एसडीबी' अशा नावांनी गोंधळ होतो, म्हणून नावापेक्षा आकारावर भर द्यावा. ५०० जीबीची डिस्क येथे ४६५ च्या आसपास दिसते. जागा कोठे गेली, असे समजून घाबरू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, एवढाच तो फरक आहे.

आता विंडोजचा मोठा हिस्सा निवडून 'रिसाइज' ही आज्ञा द्यावी व त्याची उजवी कड आत सरकवावी. डावी कड हलवू नये. डावी कड हलवली की त्या हिश्श्यातील सगळी माहिती उचलून दुसरीकडे ठेवावी लागते. त्यास अनेक तास लागू शकतात आणि धोकाही वाढतो. मोकळी झालेली जागा 'अनअलोकेटेड' म्हणून दिसेल. तेथे 'न्यू' ही आज्ञा देऊन नवे हिस्से करावेत. एखादा हिस्सा वाढवायचा असेल तर मोकळी जागा त्याच्या लगत असावी लागते. शेजारच्या गटातली जमीन सोडून पलीकडच्या गावची जमीन आपल्या बांधात घेता येत नाही, तसेच हे आहे.

एवढे होईपर्यंत डिस्कवर काहीही बदललेले नसते. जीपार्टेड केवळ कामांची यादी करीत असते. ही यादी खाली दिसते. ती शांतपणे वाचावी, शक्य झाल्यास दुसऱ्या कोणास वाचावयास द्यावी आणि मगच 'अप्लाय'चे बटण दाबावे. त्यानंतर काम पूर्ण होईपर्यंत संगणकास हात लावू नये.

कोणास किती जागा?

उदाहरणादाखल ५०० जीबीची डिस्क आणि ४ जीबी रॅम असलेला संगणक घेऊ. विंडोजसाठी १२०, लिनक्ससाठी ४०, लिनक्सच्या 'स्वॅप'साठी ४ आणि उरलेली सुमारे ३०० जीबी जागा कागदपत्रांसाठी ठेवावी. आरंभीचे लहान हिस्से संगणक सुरू होण्यासाठी आवश्यक असतात. त्यांना हात लावू नये. कागदपत्रांचा हिस्सा एनटीएफएस ठेवावा, म्हणजे विंडोज व लिनक्स दोन्हींतून तो वाचता येतो.

लिनक्स बसवताना 'संपूर्ण डिस्क वापरा' हा पर्याय निवडू नये. तो निवडल्यास सर्व बांध एकदम मोडले जातात. 'मॅन्युअल' हा पर्याय घेऊन आपण राखलेला ४० जीबीचा हिस्साच दाखवावा.

वाटणी झाली म्हणजे काम संपले, असे नाही. विंडोजमध्ये 'डॉक्युमेंट्स' फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'लोकेशन' असते. तेथे नव्या हिश्श्याचे नाव द्यावे आणि डेस्कटॉपवर कागदपत्रे ठेवण्याची सवय सोडावी. नवे घर बांधून जुन्याच घरात राहिले तर उपयोग काय?

तक्ता बिघडला तर

जीपार्टेडमध्ये 'क्रिएट पार्टिशन टेबल' अशी एक आज्ञा आहे. माहिती असलेल्या डिस्कवर ती कधीही देऊ नये, कारण तिने जुना सातबारा रद्द होतो. चुकून असे घडलेच तर प्रथम त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नये. सातबारा गेला तरी जमीन जागेवर असते, हे आपण पाहिलेच आहे. 'टेस्टडिस्क' हे मुक्त सॉफ्टवेअर डिस्क तपासून जुने बांध शोधून काढते आणि अनेकदा तक्ता पुन्हा लिहून देते. मात्र नव्या एसएसडी डिस्कवर पुसलेली जागा आपोआप साफ केली जाते, त्यामुळे तेथे फारशी आशा ठेवू नये.

समारोप

शेवटी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. वाटणीमुळे यंत्रणेच्या बिघाडापासून कागदपत्रे वाचतात, डिस्कच्या बिघाडापासून वाचत नाहीत. एकाच शेताचे दोन तुकडे केले आणि पूर आला तर दोन्ही पाण्याखाली जातात. म्हणून महिन्यातून एकदा तरी कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी व ती दुसऱ्या घरी ठेवावी. संस्थेच्या बाबतीत ही जबाबदारी एका सभासदाकडे नावानिशी सोपवावी, कारण जे काम सर्वांचे असते ते बहुधा कोणाचेच नसते.

विद्यार्थी मित्रांनो, हे शिक्षण घेण्यासाठी महागड्या वर्गाची आवश्यकता नाही. एखादा जुना, निकामी समजून बाजूला ठेवलेला संगणक घ्या. त्यात कोणाची कागदपत्रे नाहीत याची खात्री करा. मग त्याच्या डिस्कवर मनसोक्त बांध घाला, मोडा आणि पुन्हा घाला. हात बसला की आपल्या घरातील, शेजारच्या मुलांच्या व संस्थेच्या संगणकाचे काम आत्मविश्वासाने करा. दाखले मिळवण्यासाठी आपल्या आईवडिलांनी कचेऱ्यांचे किती उंबरठे झिजवले, हे आपण जाणतो. ते दाखले एका फॉरमॅटमध्ये जाऊ नयेत, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे.