वेग सांभाळणारे यंत्र

जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मर्यादा आहे. तेथे धावणाऱ्या अनेक एसयूव्ही गाड्यांत 'क्रूझ कंट्रोल'ची सोय असते. वेग एकदा ठरवून दिला, की ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी तो कायम राहतो. हे कसे घडते?

चढावर वेग घटू लागला, की यंत्रणा ठरवलेल्या व प्रत्यक्ष वेगातील फरक ओळखून इंजिनाचा जोर वाढवते. उतारावर तो कमी करते. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला बसवलेला गव्हर्नर याच तत्त्वावर चाले.

परंतु साधा क्रूझ कंट्रोल वेग पाहतो, रस्ता नव्हे. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. समजा, पुढे ट्रक उभा आहे आणि ब्रेकवर पाय जाण्यास दीड सेकंद लागला. तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे जाते. ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद इतका घटतो असे धरल्यास, थांबेपर्यंत ती आणखी सुमारे ८० मीटर जाईल. एकूण १३० मीटर!

म्हणून पाय मोकळा झाला, तरी नजर रस्त्यावरच हवी. ओल्या रस्त्यावर तर ही सोय बंदच ठेवावी.

आता ताशी ६० किलोमीटरसाठी हेच गणित करा. उत्तर १३० च्या निम्मे येते का? नसल्यास का, ते शोधा.