भरतीची कड की ओहोटीची?

प्रश्न : विमानातून सर्वेक्षण करून समुद्राने किती जमीन खाल्ली ते काढतात, असे वाचले. पण आमच्याकडे पाण्याची कड सहा तासांतच केवढी तरी आत-बाहेर होते. मग किनारा धरायचा कोणता?
— एक वाचक, दापोली

उत्तर : तुमची शंका अगदी रास्त आहे. किनारा मोजणाऱ्यांपुढेही पहिली अडचण हीच असते. हिशेब करून पाहा. पुळणीचा उतार पन्नासास एक असेल, तर पाणी दोन मीटर चढले की कड शंभर मीटर आत येते. एक फोटो ओहोटीचा आणि दुसरा उधाणाच्या भरतीचा असेल, तर वाळूचा कणही हललेला नसताना किनारा गिळला गेल्यासारखा दिसेल. म्हणून पाण्याच्या कडेवर भिस्त ठेवत नाहीत. मोजतात ती जमिनीची उंची.

त्यासाठी विमानात लायडार नावाचे लेसरयंत्र बसवलेले असते. ते सेकंदाला लाखभर किंवा त्याहूनही जास्त प्रकाशकिरण खाली सोडते आणि प्रत्येक किरण परतायला किती वेळ लागला ते नोंदवते. विमान नऊशे मीटरवर असेल, तर ही फेरी सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम सहा भागांत पुरी होते. विमान त्या क्षणी नेमके कुठे होते आणि किती कलले होते, हेही उपग्रह व इतर यंत्रांच्या मदतीने नोंदले जाते. या सगळ्यातून साऱ्या किनारपट्टीच्या उंचीचा नकाशा तयार होतो. मग एक ठरावीक पातळी, समजा सरासरी भरतीची, घ्यायची आणि त्या उंचीची रेषा नकाशावर ओढायची. पाणी तेव्हा कुठे होते याने या रेषेत फरक पडत नाही. नेहमीचा लेसर पाण्याखालचा तळ दाखवत नाही, त्यामुळे उड्डाण मात्र ओहोटी साधूनच करतात.

याचे मोल कळते ते इंग्लंडच्या पूर्वेकडील होल्डरनेस किनाऱ्यावर. तिथले कडे हिमनद्यांनी आणून टाकलेल्या मऊ चिकणमातीचे आहेत. ते वर्षाला सरासरी दीड-दोन मीटर मागे हटतात, आणि रोमन काळापासून तिथली कितीतरी गावे समुद्रात गेली आहेत. १९५१पासून तिथे दर पाचशे मीटरवर खांब रोवून खांबापासून कड्याच्या धारेपर्यंतचे अंतर मोजत असत. काम चिकाटीचे होते, पण दोन खांबांमध्ये काय घडले ते कळत नसे. आणि खरी गोष्ट घडते ती तिथेच. पुळणीवरची वाळू जिथे कमी होते तिथे लाटा थेट कड्याच्या पायथ्याशी भिडतात, आणि असे उघडे पडलेले पट्टे हळूहळू दक्षिणेकडे सरकत जातात. त्यामुळे एखाद्या शेतकऱ्याची जमीन काही वर्षे जागची हलत नाही आणि मग एकाच हिवाळ्यात कित्येक मीटर तुटते. ‘सरासरी दोन मीटर’ हे त्याला सांगून उपयोग काय? दोन सर्वेक्षणांतल्या उंचीची वजाबाकी केली की कुठून किती घनमीटर माती गेली आणि वाळू कुठे साचली, ते सलग दिसते. मॅपलटन गावाच्या रक्षणासाठी १९९१मध्ये दगडी बांध घातले. गाव वाचले, पण बांधांनी वाळू अडवल्यामुळे दक्षिणेकडचा कडा अधिक वेगाने ढासळू लागला. कुठेही बांध घालण्याआधी असा नकाशा हाती असलाच पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

कोकणात आणखी एक पथ्य पाळावे लागते. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि पुढे हिवाळ्यात ती बरीचशी परत येते. त्यामुळे मे महिन्याच्या पुळणीची तुलना मे महिन्याशीच करायला हवी, सप्टेंबरशी नाही. आपल्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाने पूर, धूप आणि समुद्राची वाढती पातळी विचारात घेऊन मुख्य भूमीच्या किनाऱ्यासाठी धोकारेषा आखली आहे. पण किनारा बदलता आहे, तेव्हा मोजणीही पुन्हा पुन्हा व्हायला हवी.

तुम्हाला स्वतः नोंद ठेवायची असेल, तर एखाद्या पक्क्या भिंतीचा कोपरा धरा आणि तिथून मर्यादवेल जिथे संपते तिथपर्यंत टेप लावा. दर वर्षी पाऊस सुरू होण्याआधी, त्याच कोपऱ्यापासून आणि त्याच दिशेने मोजा. तारीख लिहून ठेवा आणि तिथूनच फोटोही काढा.