मंडळाचा उंबरठा



परीक्षेचा निकाल लागून प्रवेशाचे दिवस आले, कीं कळंबच्या बसस्थानकावर एक देखावा दरवर्षीं दृष्टीस पडतो. बारावी उत्तीर्ण झालेला एखादा विद्यार्थी अंथरुणाची वळकटी व पुस्तकांची पिशवी घेऊन लातूरच्या किंवा पुण्याच्या गाडीची वाट पाहत असतो, आणि शेजारीं आईबाप त्यास सूचना देत असतात. पैसे जपून ठेव, वेळेवर जेव, अभ्यास कर, या सर्व सूचना योग्यच होत. परंतु एक सूचना बहुधा राहून जाते. कोणत्या मंडळींत मिसळावें व कोणत्या मंडळींत मिसळूं नये, ही ती सूचना होय. तिचाच विचार येथें करावयाचा आहे.

मनुष्य हा संगतीचा भुकेला आहे. गांवांत ज्यास प्रत्येक दुकानदार नांवानें हाक मारतो, त्यास वसतिगृहांत पहिले कित्येक दिवस कोणीही ओळखत नाहीं. अशा वेळीं ‘आमच्यांत ये’ असें कोणी म्हटलें, तर तो शब्द अमृतासारखा वाटतो. त्यांत गैर कांहींच नाहीं. मात्र पुष्कळ मंडळांच्या उंबरठ्यावर कांहीं मोल द्यावें लागतें. तें कोणतें, हें आधीं पाहावें.

अमेरिकेंत या प्रकारास मोठें स्वरूप आलेलें आहे. १७७६ सालीं व्हर्जिनियांतील विल्यम अँड मेरी कॉलेजांत पांच विद्यार्थ्यांनीं ‘फाय बीटा कॅपा’ नांवाचें मंडळ काढिलें. त्यांत शपथ होती, खुणेचें हस्तांदोलन होतें, व सर्व कामकाज गुप्त असे. पुढें ग्रीक अक्षरांचीं नांवें धारण करणारीं विद्यार्थ्यांचीं बंधुमंडळें व विद्यार्थिनींचीं भगिनीमंडळें निघालीं. त्यांतून जन्माचे स्नेह जुळले हें खरें. परंतु नवागतास आंत घेण्यापूर्वीं त्याची विटंबना करण्याची चालहि कित्येक ठिकाणीं पडली, आणि तीपायीं कांहीं तरुण प्राणांस मुकले. फाय बीटा कॅपानें मात्र पुढें गुप्तता टाकून दिली, व आज तें विद्वत्तेचा गौरव करणारें मंडळ म्हणून मान्यता पावलें आहे.

आपल्या इकडेहि याचा धडा देणारीं दोन उदाहरणें आहेत. १८४८ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व शिक्षक यांनीं ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही सभा स्थापन केली. दादाभाई नौरोजी हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकीं एक होत. सभेंत निबंध वाचले जात व त्यांवर उघड चर्चा होई. १८४९ सालीं या सभेनें मुलींसाठीं शाळा उघडल्या, आणि आरंभीं सभासदच तेथें विनावेतन शिकवीत. म्हणजे या सभेनें सभासदाजवळ मागितलें, तें त्याचें ज्ञान व त्याचा वेळ.

त्याच १८४९ सालीं मुंबईंत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिच्या संस्थापकांपैकीं असून जातिभेद मोडणें हा तिचा हेतु होता. नव्या सभासदास ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेला पाव खावा लागे. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. त्या काळीं तेवढ्यावरून मनुष्यास जातिबाहेर टाकीत. ही परीक्षा कठीण होती, पण विटंबनेची नव्हती. सभेच्या हेतूशीं तिचा सरळ संबंध होता. तथापि सभेचें सर्व काम गुप्तपणें चाले, व ती गुप्तताच तिला नडली. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची यादी बाहेर फुटली आणि सभा मोडली. पुढें १८६७ सालीं दादोबांचे बंधु डॉ. आत्माराम पांडुरंग इत्यादिकांनीं प्रार्थनासमाज स्थापिला, तो मात्र उघडपणें. आणि तो टिकला.

यावरून दोन प्रश्न निघतात. कोणत्याहि मंडळांत पाऊल टाकण्यापूर्वीं ते मनास विचारावे. पहिला प्रश्न: हे लोक मजजवळ जें मागतात, त्याचा मंडळाच्या हेतूशीं कांहीं संबंध आहे काय? नाट्यमंडळानें उतारा म्हणावयास सांगितला, तर तो संबंध उघड आहे. रात्रीं उठवून उघड्यानें नाचावयास सांगितलें, तर मुळींच नाहीं. दुसरा प्रश्न: येथें जें घडतें, तें मी आईस निःसंकोच सांगूं शकेन काय? ज्याचें उत्तर ‘नाहीं’ असें येईल, तो उंबरठा ओलांडूं नये.

दुबळ्यानेंच नकार द्यावा असें नव्हे. नकारास कायद्याचेंहि पाठबळ आहे. महाराष्ट्रांत १९९९ सालच्या कायद्यानें रॅगिंग हा गुन्हा ठरविला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ सालीं सर्व देशासाठीं नियम केले. तक्रारीसाठीं १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आहे. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

पालकांसहि एक नम्र विनंती आहे. मूल दूरध्वनीवर ‘सर्व ठीक आहे’ एवढेंच म्हणूं लागलें, तर तेवढ्यावर समाधान मानूं नये. मित्रांचीं नांवें विचारावीं, आणि उत्तर ऐकतांना रागावूं नये. ज्या घरीं खरें सांगितल्यावर शिक्षा होते, त्या घरचें मूल बाहेरच्या गुप्त मंडळास लवकर वश होतें.

आणि मित्रहो, पुढच्या वर्षीं तुम्हीच वरच्या वर्गांत जाल. तेव्हां दाराशीं एखादा नवखा मुलगा वळकटी घेऊन बावरलेला उभा दिसेल. त्यास खोली दाखवा, भोजनगृहाची वेळ सांगा, जुनीं पुस्तकें द्या. ज्या मंडळाचा उंबरठा असा आहे, त्यांत खुशाल शिरा. आणि तसें एकहि तेथें नसेल, तर तें तुम्हीच काढा.