परतीचे भाडे आधी ठरवा

दिवाळीच्या सुटीत ठाण्याहून आलेल्या माझ्या मेहुण्याने अक्कलकोटला जाण्यासाठी मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून गाडी मागविली, तेव्हा सोलापूरहून जेमतेम चाळीस किलोमीटरची ही वाट एसटीने सुखरूप होते, हे मी दोनदा सांगितले होते, परंतु "दाजी, आता कोण स्टँडवर ताटकळणार?" या त्याच्या बोलण्यापुढे मी गप्प राहिलो, त्याचा खेद अद्याप जात नाही.

जाणे निर्विघ्न पार पडले. साडेआठशे रुपये घेऊन आम्हाला उतरविताना चालकाने मोठ्या अदबीने "परत कधी निघणार, आजी?" असे विचारले, आणि ऐंशीला टेकलेल्या माझ्या सासूबाईंनी भोळेपणाने वेळ सांगितली. वटवृक्ष मंदिरातील दर्शन, अन्नछत्रातील महाप्रसाद, समाधिमठ असे सारे यथासांग उरकून रात्री आम्ही पुन्हा अ‍ॅप उघडले. पहिल्या चालकाने "ऑनलाइन का कॅश?" एवढे विचारून फोन ठेवला. दुसरा म्हणाला, "साहेब, तुमच्याकडनं कॅन्सल करा अन् दोन हजार रोख द्या, सोडतो." पडद्यावरचे त्याच्या गाडीचे चित्र जागचे हलत नव्हते. मी चष्मा पुसून खालचा क्रमांक वाचला आणि मस्तकात तिडीक गेली: आम्हाला आणणारीच ती गाडी होती, आणि सासूबाईंनी सांगितलेल्या वेळेच्या हिशेबाने ती गल्लीच्या तोंडाशी उभी होती! त्यांचे पाय सुजले होते. आम्ही फेरी रद्द केली आणि पैसे मोजले. घेताना त्याने नजर वर केली नाही.

कंपनीकडे तक्रार गुदरली, तर फेरी तुम्हीच रद्द केली, सबब दाद देता येत नाही, असा जबाब आला. स्वीकारलेली फेरी विनाकारण रद्द करणाऱ्या चालकाला भाड्याच्या दहा टक्के, कमाल शंभर रुपये, दंड करावा, असे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. तो दंड आपल्या माथी येऊ नये आणि दप्तरी पुरावाही राहू नये, म्हणूनच रद्द करण्याचे काम प्रवाशाकडून करवून घेतले जाते. तेव्हा कोणी कितीही गळ घातली तरी ते बटण आपण दाबू नये. पडद्याचे छायाचित्र घ्यावे आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फिर्याद नोंदवावी.

शहरात गाड्या मुबलक, तीर्थक्षेत्री रात्री नगण्य. म्हणून निघण्यापूर्वीच जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे भाडे एकत्र ठरवून ते संदेशात लिहून घ्यावे. गाणगापूरला जाणाऱ्यांनी गाडीला कर्नाटकात जाण्याचा परवाना आहे की नाही, हेही पाहावे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊ नये. आणि परतीचा बेत अनोळखी माणसाला सांगू नये, हे मी आता घरातल्या प्रत्येकाला बजावले आहे.

दुसऱ्या दिवशी तुळजापूरला आम्ही एसटीनेच गेलो. पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास मोफत असल्याने सासूबाईंना भाडे पडले नाही, बायकोला अर्धेच पडले. मेहुणा खिडकीबाहेर पाहत बसला होता.